हार्मोनच्या गोळ्या, २००२ चा शोधनिबंध आणि आईचा प्रश्न



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. प्रबंधाचं तिसरं प्रकरण गाइडकडे गेलंय, ते लाल होऊन परत येईपर्यंत थोडी उसंत आहे. नाणेफेक करून लोकांना दोन गटांत वाटायचं, एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली गोळी द्यायची, आणि मग वाट बघायची, ही पद्धत या ब्लॉगवर आधी येऊन गेली आहे. आज अशाच एका प्रसिद्ध चाचणीकडे जरा टीकेच्या नजरेनं बघू. चाचणी वाईट नव्हती. आमच्या जैवसंख्याशास्त्रात ती पहिल्याच वर्षी शिकवतात. माझी तक्रार आहे ती आपण सगळ्यांनी ती कशी वाचली याबद्दल.

निमित्त घरचं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं जाहीर केलं की रजोनिवृत्तीत दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या औषधांवरचा चौकटीतला कडक इशारा बराचसा काढून टाकणार. ती बातमी फिरत फिरत आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली. तिनं मला पाठवली आणि खाली लिहिलं, "मग मी तेव्हा उगाच बंद केल्या का गं?" सोबत एका पिवळ्या पडलेल्या कात्रणाचा फोटो. जुलै २००२ चं कात्रण तिनं फाइलमध्ये जपून ठेवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

आईची पिशवी २००१ मध्ये काढली. गाठी होत्या. तेव्हा ती ४१ वर्षांची होती. "आता उघडलंच आहे तर" म्हणून दोन्ही अंडाशयही काढले. नंतर डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या, त्या तिनं वर्षभर घेतल्या. मग हे कात्रण आलं. हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग आणि हार्ट अटॅक वाढतो, अशा अर्थाचा मथळा. तिनं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, विषाची परीक्षा कशाला घ्यायची? गोळ्या बंद झाल्या. पुढची कित्येक वर्षं रात्री अंगातून वाफा निघायच्या, ती उठून पंख्याखाली बसायची, ते मला आठवतंय. २०१८ मध्ये मोरीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. तपासणीत हाडं बरीच ठिसूळ निघाली.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर कात्रण बाजूला ठेवून मूळ निबंधच उघडायला हवा.

आधी काय समजत होते?

१९९० च्या दशकात अमेरिकेत लाखो स्त्रिया या गोळ्या घेत होत्या, आणि बऱ्याच जणींना त्या हृदय सांभाळण्यासाठी दिल्या जात होत्या. आधार होता निरीक्षणातून केलेल्या अभ्यासांचा. त्यातला सर्वात नावाजलेला नर्सेस हेल्थ स्टडी. १९९१ मध्ये या अभ्यासानं सांगितलं की इस्ट्रोजेन घेणाऱ्या परिचारिकांमध्ये गंभीर हृदयविकाराचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ ४४ टक्क्यांनी कमी आहे.

आकडा मोठा आहे, पण थोडं थांबा. या गोळ्या कोण घेत होतं? नियमित डॉक्टरकडे जाणारी, पैसे बाळगून असलेली, वजन आणि व्यायामाकडे लक्ष देणारी बाई. तिला हृदयविकार कमी झाला तर श्रेय गोळीचं की तिच्या एकूण राहणीचं? आपल्याकडेही च्यवनप्राश खाणारं घर आणि न खाणारं घर यांत फरक फक्त च्यवनप्राशाचा नसतो! अभ्यासक आकडेमोडीनं हे फरक धुऊन काढायचा प्रयत्न करतात, पण जे मोजलंच नाही ते धुणार कसं?

म्हणून नाणेफेक. अमेरिकी सरकारच्या पैशानं वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह, थोडक्यात डब्ल्यूएचआय, उभं राहिलं. ४० केंद्रं, गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रिया. अर्ध्या जणींना रोज एक गोळी, बाकीच्यांना नकली. साडेआठ वर्षं चालायची चाचणी सरासरी ५.२ वर्षांनी थांबवली, कारण स्तनाच्या कर्करोगानं आधी ठरवलेली धोक्याची रेषा ओलांडली होती आणि एकूण हिशेबात नुकसान फायद्यापेक्षा जड झालं होतं. जुलै २००२ मध्ये 'जामा'त निबंध आला आणि जगभर खळबळ उडाली. अमेरिकेत या औषधांच्या चिठ्ठ्या झपाट्यानं घटल्या. लाट आमच्या घरापर्यंत आली ती त्या कात्रणातून.

चाचणीत नेमकं कोण होतं?

आमच्या सेमिनारला एक सर आहेत. कोणताही निबंध मांडायला उभं राहिलं की ते निष्कर्षावर येऊच देत नाहीत. "आधी पहिला तक्ता दाखव," म्हणतात. पहिल्या तक्त्यात चाचणीत कोण माणसं होती ते असतं. बातमीत तो तक्ता कधीच येत नाही.

तर तो बघू. स्त्रियांचं वय ५० ते ७९. सरासरी ६३. पन्नाशीतल्या फक्त एक तृतीयांश, सत्तरी ओलांडलेल्या एक पंचमांशाहून जास्त. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं उलटलेली. वाफांचा, झोप उडण्याचा काळ बऱ्याच जणींच्या मागे पडलेला.

हे चुकून झालं का? नाही. चाचणीचा प्रश्नच वेगळा होता. पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर गोळी चालते का, हे त्यांना विचारायचं नव्हतं. ती चालते हे आधीच माहीत होतं. त्यांना विचारायचं होतं की वयस्क स्त्रियांना हृदयविकार होऊ नये म्हणून ही गोळी वर्षानुवर्षं द्यावी का? पन्नाशीच्या स्त्रियांना मुळात हृदयविकार कमी, त्यामुळे साठी-सत्तरीच्या स्त्रिया घेतल्या तरच पुरेशा घटना मोजायला मिळणार. या प्रश्नाला चाचणीनं स्वच्छ उत्तर दिलं: देऊ नये. निबंधाचा निष्कर्षही दीर्घ आजारांच्या प्रतिबंधाबद्दलच आहे.

पण बातमी काय झाली? "हार्मोन धोकादायक." साठ-सत्तर वर्षांच्या बाईला हृदयासाठी गोळी द्यावी का, याचं उत्तर रात्रभर जागणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला चिकटवलं. माझी पहिली टीका ही. निबंधाचा विषय एक आणि वाचकांनी लावलेला अर्थ दुसरा. शास्त्रज्ञ यातून पूर्ण सुटत नाहीत, कारण पत्रकार परिषदेचा सूर निबंधापेक्षा बराच चढा होता.

दुसरी गोष्ट गोळीची. त्या गोळीत दोन औषधं होती. एक, गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन, ०.६२५ मिलिग्रॅम. दुसरं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, २.५ मिलिग्रॅम. दुसरं कशाला? नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि तिथं कर्करोग होऊ शकतो. हे १९७५ पासून माहीत आहे. म्हणून गर्भाशय असलेल्या बाईला जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं औषध द्यावंच लागतं. ज्या बाईची पिशवीच काढली आहे तिला त्याची गरज नसते.

डब्ल्यूएचआयनं अशा पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांची वेगळी चाचणी केली होती, नुसत्या इस्ट्रोजेनची. ती २००२ मध्ये थांबवली नव्हती. ती २००४ मध्ये थांबली, कारण पक्षाघात वाढला होता आणि हृदयाला फायदा दिसत नव्हता. तिच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट थोडा कमीच दिसला. २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२० मध्ये आलेल्या निबंधातही तो कमीच राहिला, आणि त्यानं होणारे मृत्यूही कमी. दोन औषधांच्या गटात मात्र कर्करोगाचं प्रमाण वाढलेलंच राहिलं. दोन चाचण्यांची उत्तरं इतकी वेगळी, पण लोकांच्या डोक्यात एकच वाक्य राहिलं.

२६ टक्के म्हणजे किती?

कात्रणात "२६ टक्के वाढ" असं आहे. आकडा खोटा नाही. पण कशाच्या २६ टक्के?

निबंधात हेही दिलंय. नकली गोळी घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, खरी गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. फरक ८ जणींचा. तसाच हिशेब बाकीचा: हृदयविकाराच्या ७ घटना जास्त, पक्षाघात ८ जास्त, फुप्फुसात गुठळी ८ जास्त. दुसऱ्या पारड्यात आतड्याचा कर्करोग ६ कमी आणि खुब्याचं हाड मोडणं ५ कमी. एकूण मृत्यूंमध्ये फरक नाही.

आता बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, "बघा, फक्त ८! उगाच घाबरवलं." मी थांबणार नाही, कारण हेही अर्धंच वाचन आहे. ८ हा आकडा एका वर्षाचा. औषध पाच वर्षं घेतलं आणि पुढची पंधरा वर्षं मोजत राहिलं तर? २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जगभरातल्या निरीक्षणांचा मोठा एकत्रित अभ्यास आला. त्याचा अंदाज असा: पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही औषधं रोज घेतली, तर ५० ते ६९ या वयात १०० पैकी ६.३ ऐवजी ८.३ जणींना स्तनाचा कर्करोग होतो. दर ५० जणींमागे एक जास्त. नुसतं इस्ट्रोजेन असेल तर २०० जणींमागे एक.

हा अभ्यास निरीक्षणाचाच आहे, त्यामुळे वरची च्यवनप्राशाची शंका त्यालाही लागू. नुसत्या इस्ट्रोजेनबद्दल तो चाचणीशी जुळतही नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. धोका लहान आहे की मोठा हे किती वर्षं मोजलं, कोणतं औषध मोजलं, आणि बदल्यात काय मिळालं यावर ठरतं. तीन महिने झोप न लागलेल्या बाईचा तराजू वेगळा, आणि काहीच त्रास नसलेल्या बाईचा वेगळा. दोघींना एकच मथळा पुरत नाही.

आता उलट्या दिशेनं तीच चूक

२००७ मध्ये डब्ल्यूएचआयच्याच संशोधकांनी आकडे पुन्हा फोडून बघितले. पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत चाचणीत आलेल्या स्त्रियांत हृदयविकाराचा सापेक्ष धोका ०.७६ निघाला, म्हणजे कमी. वीस वर्षं उलटलेल्यांत १.२८, म्हणजे जास्त. यावरून "वेळेचा सिद्धान्त" पुढे आला: रक्तवाहिन्या अजून चांगल्या असताना इस्ट्रोजेन दिलं तर ठीक, त्यांत चरबीचे थर साचल्यावर दिलं तर घातक. २००८ मध्ये हर्नान आणि सहकाऱ्यांनी नर्सेस हेल्थ स्टडीचेच आकडे चाचणीसारखे मांडून बघितले, तर परिचारिकांची निरीक्षणं आणि डब्ल्यूएचआय यांतला बराचसा झगडा पाळी जाऊन किती काळ झाला आणि किती काळ मोजलं यानंच मिटला. आमच्या विषयातला हा माझा अत्यंत आवडता निबंध आहे.

पण त्या ०.७६ शेजारी अनिश्चिततेचा पट्टा छापलाय: ०.५० ते १.१६. म्हणजे धोका निम्मा झाला असेल, किंवा थोडा वाढलाही असेल, दोन्ही या आकड्यांत बसतं. आणि पक्षाघाताचा वाढलेला धोका वेळेनुसार बदलताना दिसला नाही.

आता २०२५ च्या घोषणेकडे या. इशारा सैल करणं मला पटतं. विशेषतः योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या क्रीमवर तोच कर्करोगाचा इशारा छापणं कधीच पटण्यासारखं नव्हतं, कारण ते औषध रक्तात फारच थोडं उतरतं. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा ठेवलाय, तेही योग्य. पण घोषणेबरोबर जे आलं, म्हणजे लवकर सुरू केलं तर हृदयविकार, स्मृतिभ्रंश वगैरे मोठ्या प्रमाणात टळतो, ते या चाचण्यांनी सिद्ध केलेलं नाही. त्यातला बराचसा भाग पुन्हा निरीक्षणांवर उभा आहे. १९९१ मध्ये आपण ज्या पायरीवर होतो तिथंच परत. २००२ मध्ये म्हाताऱ्या स्त्रियांचा धोका तरुण स्त्रियांना लावला. आता तरुण स्त्रियांतला संभाव्य फायदा सगळ्यांना वाटला जाईल, अशी मला भीती आहे.

आणि पुरुष?

"बाबांचं काय?" असं विचारणारे वाचक असतातच. पुरुषांत पाळी जाण्यासारखा एक ठरावीक टप्पा नसतो. टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर हळूहळू, वर्षाला साधारण एक टक्का या वेगानं उतरतं. थकवा, वाढलेलं पोट, मंदावलेली इच्छा, सगळं त्याच्या माथी मारून औषध विकणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात.

इथंही पहिला तक्ता बघा. २०१६ मध्ये आलेल्या टेस्टोस्टेरॉन ट्रायल्समध्ये ६५ वर्षांवरचे, खरोखर पातळी कमी असलेले आणि लक्षणंही असलेले पुरुष हवे होते. ७९० मिळवायला ५१,०८५ जणांची चाळणी करावी लागली! म्हणजे जाहिरात सांगते तितका हा प्रकार सरसकट नाही. वर्षभर औषध देऊन लैंगिक बाबतीत मध्यम सुधारणा झाली. उत्साहाच्या मुख्य मोजमापात ठोस फरक नाही.

२०२३ ची ट्रॅव्हर्स चाचणी त्याहून मोठी, ५,२०० हून जास्त पुरुष, सगळे हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले. हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू मिळून ७.० टक्के विरुद्ध ७.३ टक्के. फरक नाही. लगेच "टेस्टोस्टेरॉन सुरक्षित" अशा बातम्या. पण त्याच निबंधात हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या जास्त आहेत. साठ टक्क्यांहून अधिक जणांनी औषध मध्येच सोडलं होतं, हेही आहे. आणि २०२४ मध्ये याच चाचणीतून कळलं की हाडं मोडण्याचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं: ३.५० टक्के विरुद्ध २.४६. हाडांची घनता वाढवणारं औषध हाडं वाचवेल असं सगळे धरून चालले होते. म्हणूनच धरून न चालता मोजायचं असतं.

आईचं उत्तर

आता कात्रणावर परत येते.

२००२ च्या त्या चाचणीत गर्भाशय असलेल्या स्त्रिया होत्या, आईला ते नव्हतं. त्यांची गोळी दोन औषधांची होती, आईची एकाच. त्या पन्नास ते एकोणऐंशीच्या होत्या, आई बेचाळिशीत. त्यांचं शरीर इस्ट्रोजेनशिवाय राहण्याच्या वयात पोचलं होतं, आईचं इस्ट्रोजेन एका दुपारी ऑपरेशन टेबलावर संपलं. तिच्या गोळ्या म्हणजे वयाशी झुंज नव्हती. वेळेआधी गेलेलं होतं तेवढं परत देणं होतं.

अशा स्त्रियांसाठी रजोनिवृत्तीवरच्या तज्ज्ञ संस्थांचा सल्ला आज बऱ्यापैकी एकसारखा आहे: दुसरं काही कारण आड येत नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं. मेयो क्लिनिकच्या अभ्यासात, ४५ च्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. हाही निरीक्षणाचा अभ्यास, हे मी इथं लपवणार नाही. नियम सगळ्यांना सारखा.

हा प्रश्न एका घराचा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं सरकारी सर्वेक्षण झालं. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती, अनेकींची तरुण वयात. काहींचे अंडाशयही गेले. ऑपरेशन का झाली यावर बोललं गेलं, ते हवंच होतं. पण नंतर त्यांच्या हाडांचं, हृदयाचं काय, कुणी इस्ट्रोजेनबद्दल एक शब्द तरी सांगितला का, हे कोण विचारतंय? हार्मोनवरचा सगळा वाद पन्नाशीच्या पुढच्या अमेरिकन स्त्रीभोवती फिरतो. ज्यांना त्याची गरज सर्वात स्पष्ट आहे त्या पहिल्या तक्त्यात कुठेच नाहीत.

आईला मी फोनवर सांगितलं, "तो अभ्यास तुझ्यावर नव्हताच गं." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हात मोडला तो त्याच्यामुळेच?" इथं मी अडले. मनगट मोरीत मोडलं, फरशी ओली होती. गोळ्या घेतल्या असत्या तर मोडलं नसतं, असं मी एका माणसाबद्दल कधीच सांगू शकणार नाही, कारण दुसरी, गोळ्या घेत राहिलेली आई तुलनेला नाही. तिला तेवढंच सांगितलं. शिवाय आता ती पासष्टीची आहे, बंद करून वीस वर्षं झाली; "आता परत सुरू करू का?" याचं उत्तर डब्ल्यूएचआयच्याच चाचण्यांत आहे, आणि ते "नको" असं आहे. गंमत बघा, तो अभ्यास तिला लागू व्हायला इतकी वर्षं गेली.

तुमच्यासाठी एवढंच. पुढचा फॉरवर्ड आला की चार गोष्टी विचारा: कुणावर केलं, कोणतं औषध आणि किती, कशाशी तुलना केली, आणि शंभरात किंवा दहा हजारांत किती जणांना फरक पडला. चारांपैकी एकाचंही उत्तर मिळत नसेल तर तो फॉरवर्ड तुमच्याबद्दल नाही. गोळी सुरू किंवा बंद करायची असेल तर हेच चार प्रश्न घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. मी डॉक्टर होईन तेव्हाही आकड्यांचीच होईन, औषधाची नाही.

आई म्हणाली, कात्रण आता टाकून देते. मी म्हटलं, नको, मला दे. पुढच्या सेमिनारला ते पहिल्या स्लाइडवर लावणार आहे.